गळ, बादली आणि वही

मासे पकडणाऱ्याच्या गोष्टीवर भरवसा ठेवू नये असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. हातून सुटलेला मासा दर सांगण्यागणिक वीतभर वाढत जातो. इतिहास लिहू पाहणाऱ्याने अशा साक्षीदारांपासून चार पावले दूरच राहावे. तरीही तलावाकाठी गळ टाकून बसण्याच्या छंदाचा इतिहास आज वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. या छंदात थरार आहे, फजिती आहे; परंतु त्याखेरीज एक असा हिशेब दडलेला आहे की, जो आपणां सर्वांनाच एक दिवस द्यावा लागणार आहे.

नागपूरहून वर्ध्याकडे येताना वाटेत केळझर लागते. गणपतीचे प्रसिद्ध देवस्थान आणि जुन्या किल्ल्याच्या खुणा यांमुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. परंपरा या गावाला महाभारतातील एकचक्रानगरी मानते. रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस मागणाऱ्या बकासुराला भीमाने येथेच मारले, असे गावकरी सांगतात. गावापलीकडे बोरच्या जंगलाची टेकाडे सुरू होतात. या सेलू तालुक्यातच बोर नदीवरील मातीचे धरण १९६५ साली पूर्ण झाले आणि डोंगरांच्या कुशीत एक विस्तीर्ण जलाशय उभा राहिला. भोवतालचे अभयारण्य २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. वाघामुळे बोरचे नाव दूरवर गेले. पाण्याखालच्या जगाची विचारपूस मात्र फारशी कोणी करीत नाही.

गुरुदीक्षा होऊन मला फार दिवस झाले नव्हते, त्या काळातली गोष्ट. ऑगस्ट महिना होता. केळझर परिसरातील एका लहानशा तलावाच्या काठी, हाती बांबूची काठी घेऊन, मी मोठ्या ऐटीत बसलो होतो. गळाला लहानसा बेडूक लावला होता. पाण्यावर एके ठिकाणी तांबूस ठिपक्यांचा एक पुंजका वरखाली होत होता. त्याच्या शेजारी आमिष पडते न पडते तोच पाणी फुटले. दोरी बोटाला कापीत गेली, पाय चिखलात गुडघाभर रुतला, एक चप्पल कायमची तळ्याला अर्पण झाली. परंतु मासा काठावर आला. हातभर लांबीचा, काळसर, चिवट मरळ! वयाच्या त्या टप्प्यावर एवढा विजय माणसाला पुरेसा असतो.

जवळच जाळे सुकवीत बसलेले एक वृद्ध ढीवर उठून आले. माशाकडे त्यांनी पाहिलेच नाही. ते पाण्यातील त्या तांबूस पुंजक्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “फादर, तुमी मासोळी नाही काढली. घर उचललं. ते लाल दिसते ना, ते लेकरं आहेत तिचे. आता घटकाभरात दुसऱ्या मासोळ्या त्यायले खाऊन टाकतीन.”

मरळ आपल्या पिलांची राखण करतो, हे मला ठाऊक नव्हते. तो आमिषावर भुकेने नव्हे, तर पिलांच्या रक्षणासाठी झेपावला होता. मी मासा परत पाण्यात सोडला. तो पिलांपर्यंत पोहोचला की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. त्या दिवसापासून मात्र गळाने मिळणाऱ्या आनंदामागे पाण्यात काय घडते, याची चौकशी करण्याची मला सवय लागली. पुढील इतिहास त्या चौकशीतूनच हाती आला.

साहेबांचा छंद

आपल्याकडे गळ नवा नाही. ढीवर, भोई, कोळी यांच्या घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु तो पोटासाठी होता. केवळ थरारासाठी, दिवसभर उन्हात बसून, मिळालेला मासा मोजून-मापून मित्रांना सांगण्यासाठी गळ टाकणे हा शौक इंग्रजी अमदानीत फोफावला.

त्या अमदानीतील सर्वच साहेब शौकीन नव्हते. काही अभ्यासू होते. मुंबई सरकारच्या सेवेतील विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनमधील माशांचे वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केले. पुण्याच्या मुळा-मुठेतील एका देखण्या, मोठ्या खवल्यांच्या माशाला त्याने शास्त्रीय नाव देताना स्थानिक लोकांचाच ‘खुद्री’ हा शब्द कायम ठेवला. कोलस, नुक्ता ही नावेही त्याने अशीच लॅटिन जोडनावांत बसविली. ज्या कोळ्या-भोयांकडून हे शब्द त्याने ऐकले, त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. त्यांचे शब्द मात्र जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचले.

खुद्री हा महसीर कुळातील मासा. १८७३ साली मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने भारतातील गळाच्या मासेमारीवर एक ग्रंथ लिहिला आणि महसीरची झुंज विलायतेतील सामन माशापेक्षाही सरस असल्याचे सांगितले. मग काय विचारता! नदीनदीवर साहेबांचे तंबू पडू लागले. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका गृहस्थाने काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर गळाने काढला. हा आकडा आजही शौकिनांच्या बैठकीत आदराने उच्चारला जातो.

नवी तळी, नवे मासे

याच काळात महाराष्ट्रात मोठमोठे कृत्रिम तलाव निर्माण होत होते. मुंबईची तहान भागविण्यासाठी १८९० च्या सुमारास पवईचा तलाव बांधण्यात आला. परंतु त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. माणसांच्या तोंडी न लागलेला हा तलाव गळवाल्यांच्या पदरी पडला. १९३६ साली तेथे गळाने मासेमारी करणाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि कटला, रोहू यांची पिले सोडून तलावाची निगा राखू लागली. पवईत फजितीचीही वाण नव्हती. जलपर्णीत गुंतलेली दोरी तोडताना मासा जाई, काठीही जाई; आणि या तलावात मगरींचाही वास असल्याने पाण्यात उतरून ती सोडविण्याचे धाडस कोणी करीत नसे.

घाटमाथ्यावर टाटांच्या वीज कंपनीने १९११ साली काम सुरू करून लोणावळा, वळवण, शिरवटा येथे धरणे बांधली. १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज मिळू लागली. अशा तलावांच्या तळाशी कोणाची तरी शेते असतात, हेही विसरता येत नाही. पुढे मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तो याच दुःखातून. शौकिनाला जे निळेशार पाणी दिसते, त्याखाली कोणाचे तरी अंगण असते.

धरणांनी नद्यांचे मार्ग अडविले. त्यात सुरुंगाची दारू उडवून, विष कालवून मासे मारण्याचे प्रकार वाढले. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी ओढ्यांत चढणारा महसीर सहज हाती लागे. आणि अंड्यांनी भरलेली मादी मारली की पुढची पिढीही तिच्याबरोबर जाई. साइक्सची खुद्री दिसेनाशी होऊ लागली.

वळवणचे यश

या माशाला वाचविण्याचे श्रेय प्रामुख्याने मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांना जाते. राज्याच्या मत्स्य खात्याचा दीर्घ अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १९७० च्या सुमारास लोणावळ्याजवळ त्यांनी खुद्रीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले आणि टाटांच्या वळवण येथील मत्स्यकेंद्रात हे काम स्थिरावले. पुढे श्री. एस. एन. ओगले यांनी ते चिकाटीने वाढविले.

काम मोठे नाजूक होते. पावसाळ्यात पक्व नर-मादी जाळ्यात धरायचे. मादीच्या पोटावरून हलकेच हात फिरवून अंडी ताटात घ्यायची. त्यांवर नराचे रेत सोडायचे. मग ती वाहत्या, स्वच्छ पाण्यात ठेवायची. सोनेरी रंगाची ही अंडी जेमतेम ३ मिलिमीटर व्यासाची असतात आणि तीन-चार दिवसांत त्यांतून पिले बाहेर येतात. कटला-रोहूच्या तुलनेत महसीरची अंडी फारच थोडी. म्हणून एकेक अंडे मोलाचे. कोठे बुरशी धरली, कोठे पाणी थांबले की सगळा घाणा वाया जाई.

हे केंद्र पुढे दशकानुदशके चालू राहिले. तेथून निघालेली बोटाएवढी पिले देशातील अनेक राज्यांत गेली. एका मराठी शास्त्रज्ञाच्या हातांनी एक नामशेष होऊ घातलेला मासा पुन्हा पाण्यात खेळू लागला. जागतिक निसर्ग संरक्षण संघाने ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदविलेली खुद्री २०१८ च्या मूल्यांकनानंतर त्या वर्गातून बाहेर आली. कथा येथे संपली असती, तर ती सरळ विजयाची कथा झाली असती. परंतु इतिहास असा सोयीच्या जागी थांबत नाही.

वहीने सांगितलेले सत्य

लोणावळ्याची पिले कावेरी नदीतही सोडण्यात आली. हेतू चांगलाच होता. कावेरीत स्वतःचा एक महसीर होता. पाठीला उंचवटा असलेला, महसीर कुळातील सर्वांत प्रचंड. १९४६ सालचा तो ५४ किलोंचा विक्रमवीर याच जातीचा. नदी महसीरने भरावी, शौकिनांना आनंद मिळावा, त्यांच्या पैशातून नदीचे रक्षण व्हावे, असा विचार होता. कावेरीकाठच्या शिबिरांत पकडलेला प्रत्येक मासा वजन करून जिवंत सोडण्याचा नियम होता. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक माशाची वहीत नोंद होत होती.

१९९८ ते २०१२ या काळातील त्या वह्या पुढे एड्रियन पिंडर, राजीव राघवन आदी संशोधकांनी तपासल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाने सर्वजण अंतर्मुख झाले. बाहेरून आणलेला निळ्या परांचा महसीर, म्हणजे आपली खुद्री, वर्षागणिक वाढत गेली होती. आणि कावेरीचा मूळचा, उंच पाठीचा महसीर संख्येने घटत गेला होता. याहून विलक्षण गोष्ट म्हणजे, हाती येणाऱ्या त्या मूळ माशांचे सरासरी वजन मात्र वाढत होते! शौकिनाला वाटावे की, वा, मासे काय मोठे मिळत आहेत! प्रत्यक्षात अर्थ उलटा होता. लहान मासे जन्मालाच येत नव्हते. उरले होते ते केवळ वृद्ध. ज्या गावातील तरुण परागंदा झाले आहेत, तेथे सरासरी वय वाढते. त्याला कोणी गावाची भरभराट म्हणत नाही.

२०१८ साली शास्त्रज्ञांनी या उंच पाठीच्या महसीरची शास्त्रीय ओळख निश्चित केली आणि त्याच वर्षी त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. शतकाहून अधिक काळ माणसे ज्याच्यामागे धावली, त्याचे खरे नाव ठरेपर्यंत तो जाण्याच्या वाटेला लागला होता.

डॉ. कुलकर्णी यांच्या कार्याला यामुळे कमीपणा येतो, असे मी मानत नाही. खुद्री तिच्या स्वतःच्या पाण्यात वाचली, हे पुण्यकर्मच होय. चूक पिलांत नव्हती. पिले कोणत्या पाण्यात ओतली जातात यात होती. आणि ही चूक लक्षात आली ती कोणा चमत्काराने नव्हे. शौकिनांनी पंधरा वर्षे प्रामाणिकपणे वही ठेवली, म्हणून ती लक्षात आली. चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही रोज हाताळणाऱ्या माझ्यासारख्याला याचे मोल विशेष वाटते. साधी, कंटाळवाणी नोंद कधीकधी मोठ्या वक्त्याहून अधिक सत्य सांगते.

बास माशाची जगप्रदक्षिणा

असा अनुभव एकट्या कावेरीचा नाही. अमेरिकेत ‘बास’ नावाच्या रुंद तोंडाच्या माशाचे वेड आहे. आपल्या मरळासारखाच तो पाणवनस्पतींत दबा धरतो आणि आमिषावर तुटून पडतो. १९३२ साली जॉर्जिया राज्यातील जॉर्ज पेरी या तरुणाने २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला. दिवस मंदीचे होते. वजनाची नोंद झाल्यावर पेरीच्या घरी तो विक्रम शिजवून खाल्ला गेला! पुढे ७७ वर्षे त्या वजनाला कोणी पोहोचले नाही. २००९ साली मानाबू कुरिता या शौकिनाने त्याची बरोबरी केली. पण अमेरिकेत नव्हे, जपानमधील बिवा या विशाल सरोवरात.

अमेरिकेचा मासा जपानात कसा पोहोचला? १९२५ साली एका हौशी उद्योगपतीने तो आशी सरोवरात आणला. तेथून तो पसरत गेला आणि १९७० च्या दशकात बिवामध्ये प्रकटला. बिवातील मूळचे लहान मासे, ज्यांवर पिढ्यान्‌पिढ्या तेथील कोळी जगत आले, ते त्याच्या भक्ष्यस्थानी पडले. सरोवरात जणू बकासुर उतरला. अखेर त्या प्रांताने २००३ पासून, पकडलेला बास पुन्हा सरोवरात सोडण्यास बंदी घातली. एकाच सरोवरात एकीकडे जागतिक विक्रम, दुसरीकडे कोळ्यांची रिकामी जाळी. थरार आणि दुर्घटना इतक्या जवळजवळ नांदतात.

बिवात आणखी एक अमेरिकी मासा माजला. ‘ब्लूगिल’ नावाचा हा मासा १९६० साली जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो यांनी शिकागोहून भेट म्हणून स्वदेशी आणला होता. ते स्वतः मत्स्यशास्त्राचे जाणकार. २००७ साली, सम्राट असताना, बिवाच्या प्रदेशातील एका समारंभात त्यांनी या घटनेचा जाहीर उल्लेख करून आपल्याला वेदना होत असल्याचे सांगितले. सिंहासनावरील व्यक्तीने एका माशाबद्दल खेद प्रकट करावा, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पापनिवेदनाच्या चौकटीत बसून मी इतकी वर्षे जे ऐकत आलो, त्यात ‘हे मी केले’ एवढे तीन शब्द उच्चारणे माणसाला सर्वांत जड जाते.

आपल्या दारी

हे सारे दूरचे वाटत असेल, तर पुन्हा विदर्भात येऊ. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी कटला-रोहूच्या कुळातील माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि गावोगावच्या तळ्यांसाठी मत्स्यबीज तयार करणे शक्य झाले. त्यातून अनेक कुटुंबांच्या पानात मासा आला, मच्छीमार सहकारी संस्थांना उत्पन्न मिळाले. हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु याच वाटेने इतर पाहुणेही आले. आफ्रिकेतील तिलापिया, ज्याला आपण चिलापी म्हणतो, १९५२ साली भारतात आणण्यात आला. तो इतका वेगाने वाढला की, १९५९ मध्येच त्याच्या प्रसारावर बंधन घालण्याची वेळ आली. गालील सरोवरातील त्याच्याच एका भाईबंदाला ‘संत पीटर मासा’ म्हणतात. स्वतःच्या सरोवरात तो यात्रेकरूंच्या ताटातील कौतुकाचा मासा. परक्या तळ्यात त्याचाच भाऊ मूळ रहिवाशांच्या मुळावर येतो.

त्या सरोवराचा उल्लेख आला म्हणून सांगतो. शुभवर्तमानांत जाळ्यांचे प्रसंग अनेक आहेत; गळाचा मात्र एकच, संत मत्तयच्या सतराव्या अध्यायात. मंदिराचा कर देण्यासाठी पेत्राने गळ टाकावा आणि पहिल्या माशाच्या तोंडातील नाणे घ्यावे, असे प्रभू त्याला सांगतो. शुभवर्तमानांतील हा एकमेव गळ देणे फेडण्यासाठी पडला आहे, हे मला अर्थपूर्ण वाटते.

आपलेही देणे आहे. गळाने एक मासा जातो. बादलीभर परक्या पिलांनी एक तळे जाऊ शकते. केळझरच्या एखाद्या तळ्यात कोणी हौसेने, कोणी नफ्यासाठी, बंदी असलेल्या थायी मांगुराची पिले सोडतो. पावसाळ्यात तळे सांडते. पाणी ओढ्याला मिळते, ओढा बोर-धामच्या पाण्यात, तेथून वर्धेत, वर्धा प्राणहितेत आणि प्राणहिता गोदावरीत. एका बादलीचा प्रवास कोठवर जातो, हे नकाशावर बोट ठेवून पाहावे.

गेल्या पावसाळ्यात मी पुन्हा त्या तळ्याकाठी गेलो होतो. सोबत चार मुले होती. ते वृद्ध ढीवर आता या जगात नाहीत. एका मुलाने पाण्यावरचा तांबूस पुंजका पाहून उत्साहाने काठी उचलली. मी त्याला थांबविले आणि ते ‘घर’ दाखविले. मुले काठावर पालथी पडून कितीतरी वेळ पाहत राहिली. पुंजका वर येई, खाली जाई. आणि त्याच्याखाली एक काळी सावली संथपणे फिरत असे. गळ त्या दिवशी कोरडाच राहिला. परतताना त्यांच्यातील धाकट्याने आपल्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख घातली आणि खाली लिहिले : ‘मरळ १, पिले मोजता आली नाहीत.’

मासे पकडणाऱ्याच्या गोष्टीवर भरवसा ठेवू नये, असे म्हणतात. या नोंदीवर मात्र माझा पूर्ण भरवसा आहे.